आंजू घराण्याचा मुलूख: जॉनने घालवला, की तो फुटणारच होता?

धागा

१२०४ साली उत्तर फ्रान्समधली नॉर्मंडी इंग्लंडच्या राजाच्या हातून गेली, त्याचं खापर सरसकट त्या राजावर, म्हणजे जॉनवर फोडलं जातं. मला ते पटत नाही. त्याचा बाप दुसरा हेन्री, आंजू घराण्याचा राजा, त्याच्याकडे एकसंध राज्य नव्हतंच. आईकडून नॉर्मंडी आणि इंग्लंडवरचा हक्क, वडिलांकडून आंजू, मेन आणि तूरेन, बायको एलेनोरकडून अक्विटेन. वारशाचा रिवाज मात्र जागोजागी निराळा.

एप्रिल ११९९ मध्ये हेन्रीचा मुलगा राजा रिचर्ड शालूच्या वेढ्यात बाण लागून मेला. औरस मूल नव्हतं. आता वारस कोण? धाकटा भाऊ जॉन, की मधल्या, आधीच वारलेल्या जेफ्रीचा बारा वर्षांचा मुलगा आर्थर? इंग्लंड आणि नॉर्मंडीने काकाला धरलं. आंजू, मेन, तूरेनच्या सरदारांनी पुतण्याला. नकाशा उघडून बघा, हे तीन प्रांत नॉर्मंडी आणि अक्विटेनच्या बरोबर मध्ये आहेत. अक्विटेन टिकलं ते सत्तरी ओलांडलेल्या एलेनोरमुळे. माहेरचा मुलूख तिचा स्वतःचा होता, आणि तिने तूरला जाऊन फ्रान्सचा राजा फिलिपपुढे स्वतः निष्ठेची शपथ घेतली.

प्रतिसाद १

साफ असहमत. ११९९ ची फूट वर्षभरात सांधली गेली होती. मे १२०० च्या ल गुलेच्या तहात फिलिपने जॉनला सगळ्या मुलखाचा वारस मानलं, आर्थरकडे जॉनचा मांडलिक म्हणून फक्त ब्रिटनी राहिली. बदल्यात जॉनने फिलिपला नॉर्मंडीच्या सीमेवरचे एव्रो आणि वेक्सँचा बराचसा भाग, शिवाय २०,००० मार्क द्यायचे. (मार्क हे नाणं नव्हे, हिशेबाचं माप. एक मार्क म्हणजे १६० पेनी, तेव्हा रक्कम १३,३३३ पौंडांच्या घरात.)

बिघडलं ते पुढे. ऑगस्टमध्ये जॉनने आंगुलेमच्या इसाबेलशी लग्न केलं. तिचं लग्न लुझिन्याँ या सरदार घराण्यातल्या ह्यूशी ठरलेलं होतं. त्या घराण्याला दुसरी जमीन देऊन गप्प करता आलं असतं. जॉनने उलट त्यांचाच ला मार्श हा परगणा जप्त केला. लुझिन्याँ फिलिपच्या दरबारात गेले, जॉनला बोलावणं आलं, तो गेला नाही, आणि एप्रिल १२०२ मध्ये त्याच्या फ्रान्समधल्या जमिनी जप्त झाल्याचा निवाडा झाला. यात वारशाचा रिवाज कुठे आला?

धागाकर्ता

लुझिन्याँना दाद मागता आली ती कुणाकडे? जॉनच्या वरच्या धन्याकडे. ते २०,००० मार्क म्हणजे वारसाचा नजराणा होता, आणि तो भरला की आपण मांडलिक आहोत हे लिहून दिल्यासारखंच. आपल्या शब्दांत सांगायचं तर ती जमीन मुळात सरंजामासारखी, चाकरीच्या बदल्यात दिलेली. पिढ्या गेल्या तशी वतनासारखी झाली. पण धन्याचा जप्तीचा हक्क कधीच मिटला नाही. जॉन इंग्लंडचा राजा होता, समुद्रापलीकडे तो फक्त ड्यूक आणि काउंट.

प्रतिसाद १

निवाडा कागदावर राहिला असता. १ ऑगस्ट १२०२ ला जॉनने मिरबो गावी छापा घालून, फिलिपच्या बाजूने लढणाऱ्या आर्थरसकट तिथल्या सगळ्या विरोधकांना पकडलं, म्हणजे डाव जिंकलेलाच होता. त्या छाप्याला साथ देताना आंजूचा बडा सरदार गियोम द रोश याने अट घातली होती की आर्थरचं काय करायचं ते मला विचारून ठरवा. जॉनने त्याला डावलून पोराला फालेझच्या किल्ल्यात कोंडलं. द रोश फिरला, आणि त्याच शरद ऋतूत आंजूचं मुख्य शहर आंजे जॉनच्या हातून गेलं. पुढच्या वर्षी आर्थर रुआँच्या कैदेतून कायमचा नाहीसा झाला. मग सरदारांनी विश्वास ठेवायचा कशाच्या बळावर?

प्रतिसाद २

दोघेही राजांवरच बोलताय. ज्यांची जमीन इंग्लिश खाडीच्या दोन्ही बाजूंना, इंग्लंड आणि नॉर्मंडीत होती त्या घराण्यांकडे बघा. नॉर्मंडीचं मुख्य शहर रुआँ २४ जून १२०४ ला पडलं आणि फिलिपने अशांना मुदत दिली: मला धनी माना, नाहीतर नॉर्मंडीतली जमीन सोडा. इंग्लंडचा बडा सरदार विल्यम मार्शल याने ५०० मार्क भरून वर्षभराची सवलत घेतली आणि १२०५ मध्ये नॉर्मंडीतल्या लाँगव्हिलच्या जमिनीसाठी फिलिपपुढे शपथ घेतली. त्याच उन्हाळ्यात जॉन फ्रान्समधल्या पोआतू प्रांतावर फिलिपविरुद्ध स्वारीची तयारी करत होता. मार्शलने चक्क नकार दिला: ज्याच्यापुढे शपथ घेतली, त्याच्याविरुद्ध तलवार कशी उचलू?