नवी उद्दिष्टे ठरवण्याआधी सरलेल्या वर्षाकडे नेमके कसे पाहावे?

प्रश्न

नमस्कार. माझे वय २४ असून नोकरीला लागून मला दीड वर्ष झाले आहे. गेली तीन वर्षे मी डिसेंबरच्या अखेरीस एकाच वहीत पुढच्या वर्षाची उद्दिष्टे लिहीत आले आहे, आणि दर वेळी व्यायाम, बचत, वाचन आणि एक नवी भाषा हीच यादी पुन्हा उतरते. यंदा वही उघडल्यावर लक्षात आले की मागच्या यादीचे पुढे काय झाले, हे मी एकदाही तपासलेले नाही. म्हणून आधी सरलेल्या वर्षाचा आढावा घ्यायचे ठरवले, पण तासभर बसूनही कागदावर एकच वाक्य आले: ‘वर्ष वाया गेले.’ ऑक्टोबरमध्ये, ज्या पदासाठी मी मनापासून तयारी केली होती, ते मला नाकारले गेले. तेव्हापासून आधीचे नऊ महिनेही मला त्याच नकारातून दिसतात. स्वतःला दोष न देता, पण स्वतःची फसवणूकही न करता वर्ष कसे तपासावे? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

तुमचे ते वाक्य मला ओळखीचे वाटले, कारण मीही काही वर्षांपूर्वी तेच लिहिले होते. आपली स्मरणशक्ती सगळ्या दिवसांना सारखे वजन देत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात सहभागी लोकांनी एकदा १४ अंश सेल्सिअसच्या थंड पाण्यात ६० सेकंद हात ठेवला, आणि एकदा तेवढाच वेळ ठेवून वर आणखी ३० सेकंद ठेवला, ज्या काळात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणले जात होते. पुन्हा कोणता अनुभव घ्याल, असे विचारल्यावर बहुसंख्यांनी दुसरा निवडला. एकूण त्रास त्यात अधिक असूनही शेवट जरा सुसह्य होता, एवढेच कारण. तुमच्या बाबतीत याच्या उलट घडले असावे. शेवट कडू झाला आणि त्याने सगळे वर्ष व्यापले.

म्हणून आठवणींवर विसंबण्याआधी नोंदी समोर घ्या: फोनमधली छायाचित्रे, दिनदर्शिका, बँकेच्या खात्याचा उतारा, पाठवलेले ईमेल. एका बैठकीत दोन-तीनच महिने पाहा आणि प्रत्येक महिन्यासमोर फक्त घडलेल्या गोष्टी लिहा. बरे-वाईट ठरवण्याचे काम नंतर करा. मी असे केले तेव्हा ‘रिकामा’ म्हणून सोडून दिलेल्या एप्रिलमध्ये मला एका कागदाचे छायाचित्र सापडले. त्यावर वडिलांच्या गुडघ्याचे व्यायाम आणि त्यांच्या वेळा माझ्याच अक्षरात लिहिलेल्या होत्या. पाच आठवडे मी रोज पहाटे त्यांच्याजवळ बसून ते व्यायाम करून घेतले होते, आणि माझ्या हिशेबात त्या पाच आठवड्यांना जागाच नव्हती.

उत्तर २

वरील सूचना मोलाची आहे, पण ती अर्धीच आहे, असे मला नम्रपणे वाटते. नोंदींमध्ये जे घडले ते सापडते. जे टाळले गेले ते सापडत नाही. कोणाला करायचा राहून गेलेला फोन, विचारायला न धजलेला प्रश्न, नको असताना दिलेला होकार, यांचे छायाचित्र कोणी काढून ठेवत नाही. नोंदी पाहून झाल्यावर एक वेगळे पान या गोष्टींसाठी ठेवावे.

‘वाया गेले’ हा शब्द मात्र खोडावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पद मिळणे तुमच्या हाती नव्हते, तयारी होती. तयारी कशी झाली, कुठे कमी पडली, कोणाची मदत घेता आली असती, एवढेच तपासण्यासारखे आहे. जेफ्री आर्नेट या मानसशास्त्रज्ञाने २००० साली साधारण १८ ते २५ या वयाचा स्वतंत्र टप्पा म्हणून विचार मांडला, आणि अस्थिरता हे त्या टप्प्याचे एक लक्षण मानले. या वयात दिशा बदलणे म्हणजे चुकणे नव्हे. तीन वर्षे जसेच्या तसे उतरलेले उद्दिष्ट खरोखर तुमचे आहे, की कोणाच्या तरी अपेक्षेतून वहीत आले आहे, हेही एकदा स्वतःला विचारावे. जे आपले नसेल त्याला निःसंकोच निरोप द्यावा.

उत्तर ३

थोडक्यात लिहितो. ‘व्यायाम करीन’ असे न लिहिता ‘अमुक वेळ झाली की अमुक ठिकाणी अमुक करीन’ असे लिहावे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी मांडलेली जर-तर स्वरूपाची योजना ती हीच. शिवाय घाई नको. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या आणि २०१० मध्ये छापून आलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला मध्यममानाने ६६ दिवस लागले, पण व्यक्तिपरत्वे हा काळ १८ ते २५४ दिवस इतका पसरलेला होता. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही त्यात दिसले.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन संध्याकाळी बसून बारा महिने पाहिले. भाषेच्या वहीत १९ फेब्रुवारीपर्यंत रोजची तारीख आहे आणि त्यानंतर पाने कोरी आहेत. दिनदर्शिकेत पाहिले, तर त्याच आठवड्यात माझी कामाची वेळ बदलून संध्याकाळची झाली होती. इतके दिवस मी याला आळस समजत होते. टाळलेल्या गोष्टींच्या पानावर एकच नाव आले, एका जुन्या मैत्रिणीचे. त्या नकारानंतर तिचे चार संदेश आले होते आणि मी एकालाही उत्तर दिले नव्हते.

नव्या यादीत सध्या दोनच ओळी आहेत. सकाळचा चहा झाला की त्याच टेबलावर वीस मिनिटे भाषेची वही उघडायची, ही पहिली. दुसरी ओळ त्या मैत्रिणीला फोन करण्याची होती. ती काल रात्रीच खोडली, कारण आम्ही दीड तास बोललो.