द्राझेन बुदिशा: तत्त्वाचा माणूस की कायमचा रुसलेला?

ताकभात:
माझं मत आधीच सांगून टाकतो. क्रोएशियातल्या लिबरल पक्षाचं, म्हणजे एचएसएलएसचं, वाटोळं त्याच्याच नेत्याने केलं. हा बुदिशा १९७१ च्या झाग्रेब विद्यार्थी संपाचा पुढारी. तेव्हा क्रोएशिया युगोस्लाव्हियात होता. क्रोएशियाने कमावलेलं परकीय चलन राजधानी बेलग्रेडला न जाता घरातच राहावं, ही संपाची मागणी. युगोस्लाव्हियाचा सर्वेसर्वा टिटोने आंदोलन चिरडलं, याला चार वर्षांची शिक्षा झाली. इथवर मानलंच पाहिजे. १९९२ मध्ये स्वतंत्र क्रोएशियाचा अध्यक्ष तुजमान याच्याविरुद्ध अध्यक्षपदाला उभा राहून जवळपास २२ टक्के मतं घेतली, दुसरा आला. जानेवारी २००० मध्ये राचानच्या सोशल डेमोक्रॅटांशी युती करून सत्ता मिळवली आणि अडीच वर्षांत मोडली! कारण काय, तर क्र्श्को अणुवीज केंद्राचा करार. केंद्र स्लोव्हेनियात, मालकी दोन्ही देशांची निम्मी-निम्मी. विहिरीच्या पाळीवरून भावकी फुटावी, तसलाच प्रकार.

उंबरठा:
क्र्श्को हे निमित्त हो. मूळ दुखणं २००१ चं. हेगच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणाने गोतोविना आणि आदेमी हे दोन क्रोएशियन जनरल खटल्यासाठी मागितले, पंतप्रधान राचान द्यायला तयार झाला. विश्वासदर्शक ठरावात पक्ष सरकारच्या बाजूने राहिला, तेव्हा याने पक्षाचं अध्यक्षपद सोडलं. असं खुर्चीवरून उठणारे दाखवा की चार. आणि गोतोविना २०१२ मध्ये निर्दोष सुटलाच ना?

सांजवेळ:
सुटला, पण कुठे? हेगमध्येच, अपिलात! ज्या कोर्टात पाठवू नका म्हणून एवढा गहजब, त्याच कोर्टाने सोडला. मधली चार वर्षं गडी फरार, २००५ च्या डिसेंबरात कॅनरी बेटांवर सापडला. स्वतःला लिबरल म्हणवणाऱ्याला कोर्टाचं वावडं कसलं? त्याच पक्षातला व्लादो गोतोवात्स बघा. कवी माणूस, १९७१ नंतर तोही तुरुंगात. १९९७ मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीत पुला शहरातल्या प्रचारसभेत लष्करी गणवेशातल्या एकाने त्याच्या डोक्यात पट्टा हाणला. त्याचं बुदिशाशी पटेना, शेवटी त्याने वेगळा लिबरल पक्ष काढला.

उंबरठा:
ताई, गोतोवात्सबद्दल आदर आहेच. पण त्या निवडणुकीत तो तिसरा आला, हेही लिहा. बुदिशाने २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीत दुसऱ्या फेरीत, जिंकलेल्या मेसिचविरुद्ध, ४४ टक्के घेतले. तिथला मतदार नुकताच युद्धातून बाहेर आला होता. जनरल म्हणजे त्याच्या घरचा माणूस. त्याला न दुखवता लिबरल राजकारण करायचं, ही तारेवरची कसरत बुदिशाच करू जाणे.

ताकभात:
कसरत कसली, राव, पडलाच की तो! २००२ मध्ये सत्तेबाहेर पडताना स्वतःचेच काही मंत्री मागे आले नाहीत. 'लिब्रा' नावाचं वेगळं दुकान मांडून ते सरकारात बसले. २००३ ला पक्ष आपटला, खुद्द बुदिशाचीही जागा गेली.

उंबरठा:
खुर्च्यांना चिकटले मंत्री, आणि बोल लावायचा बुदिशाला?