हळदीकुंकूही हवं, पण पाणीपातळी आधी

वाढदिवस, हळदीकुंकू बंद करून स्थानिक केबल चॅनलवर फक्त गंभीर बातम्या दाखवा, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. शेजारच्या गल्लीतल्या पोरीनं कुस्ती मारली, हे आमच्या आईला केबलवरच कळतं आणि तिला ते हवंच असतं. पावसाळ्यात मात्र क्रम बदलायलाच हवा. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. लाईट जायच्या आधी आम्ही धान्याची पोती माळ्यावर चढवत होतो, आणि पडद्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा सरकत होत्या. त्या पट्टीत कोयना धरणाचा विसर्ग आणि पुलाची पातळी तासातासाला द्यायला काय हरकत होती?