माहेर खोडलं तर रिबेका नर्स कळणार कशी?

जुनीवही: काल इथे एकांनी अमेरिकेतल्या सेलम गावच्या रिबेका नर्सचा वंशवृक्ष टाकला. वर नवरा फ्रान्सिस, खाली आठ मुलं, आणि शेवटी लिहिलं, "माहेर घेतलं नाही, बाईचा इतिहास लग्नानंतर सुरू होतो." रात्रभर डोक्यातून गेलं नाही हो ते वाक्य. 1692 साली 71 वर्षांच्या म्हातारीला चेटकीण म्हणून फासावर चढवलं, तिच्या दोन बहिणींनाही त्याच वर्षी धरलं, मेरी ईस्टी फाशी गेली, सारा क्लॉइस कशीबशी वाचली. नर्स, ईस्टी, क्लॉइस, तीन आडनावं. टाऊन हे माहेरचं नाव काढलंत तर या सख्ख्या बहिणी आहेत हे वाचणाऱ्याला कळणार कसं?

शेतबांध: वृक्ष माझाच आहे. भावनेच्या भरात लिहू नका. भांडण जमिनीचं आणि गावकीचं होतं. फ्रान्सिसने 1678 मध्ये 300 एकरांचं शेत हप्त्याने घेतलं, लाकडी ताटं बनवणारा माणूस एवढा वर आला ते लोकांच्या डोळ्यात खुपलं, त्यात तो गावचा पाद्री सॅम्युएल पॅरिस याच्या विरोधी गटातला. हे सगळं सासरचं.

जुनीवही: मग मेरी का गेली? ती तर शेजारच्या टॉप्सफील्ड गावची, तिचं घर वेगळं, शेत वेगळं. आणि टॉप्सफील्डवाल्यांशी हद्दीवरून सेलमच्या पटनम घराण्याचं वाकडं होतं, त्यात टाऊन मंडळी होतीच, म्हणजे तुमचा जमिनीचा मुद्दासुद्धा माहेरातूनच जातो! पटनमांपैकी एकाची साक्ष वाचा. तो म्हणतो, या तिघींच्या आईबद्दल ऐकलेलं काहीतरी मी बोललो आणि मग माझं आठ आठवड्यांचं बाळ गेलं. आई, म्हणजे जोआना ब्लेसिंग. आरोप करणाऱ्यांना माहेर बरोबर आठवत होतं, विसरतोय तो वंशावळ लिहिणारा.

अंगणतुळस: अगदी खरं! आमच्या कुलवृत्तांतात माझ्या आत्यांची नावंच नाहीत, "कन्या 3" एवढंच. आजीचं तर लग्नात तांदळाच्या ताटात नाव बदललं, गेल्या वर्षी तिचा जन्मदाखला काढायला गेलो तर ऑफिसात विचारतात ही बाई कोण. दोन दिवस जुनी रजिस्टरं चाळली, शेवटी तिच्या धाकट्या भावाच्या नोंदीवरून सापडली.

शेतबांध: झालं, आला कुलवृत्तांत. जातपडताळणीला वडिलांकडचीच वंशावळ मागतात, ती काय मी ठरवली? राग तिथे काढा ना.

अंगणतुळस: तिथे मागतात म्हणून इथेही तसंच लिहायचं? तुमच्या आईला माहेर नव्हतं का?

शेतबांध: आईवर जाऊ नका. सांगून ठेवतोय.

खडूफळा: दोघंही थांबा जरा. मी शाळेत इतिहास शिकवते, मला त्या खटल्यातली एकच गोष्ट सारखी आठवते. ज्यूरीने रिबेकाला आधी निर्दोष ठरवलं होतं. कोर्टात गोंधळ उठला, आणि कैदेतल्या एका बाईबद्दल ती "ही आमच्यातली" असं बोलून गेली होती, त्याचा अर्थ तिला विचारला. ती गप्प. निकाल फिरला. नंतर तिने लिहून दिलं की मला कमी ऐकू येतं, दुःखात होते, प्रश्न कळलाच नाही, आमच्यातली म्हणजे आमच्याबरोबर तुरुंगातली. माझ्या आईला ऐकू येत नाही, बँकेत कुणी काही विचारलं की ती नुसती मान हलवते, म्हणून हे मला वाचवत नाही.

शेतबांध: हे मला माहीत आहे आणि मलाही वाईट वाटतं. पण तिच्या बाजूच्या अर्जावर 39 शेजाऱ्यांनी सह्या केल्या ते नर्सांचं नाव गावात चांगलं होतं म्हणून, हेही लिहा की.

जुनीवही: लिहिते, ते खरंच आहे. पण मेरीनेही अर्ज केला होता, माझा जीव वाचवा म्हणून नाही, आणखी निरपराधांचं रक्त सांडू नये म्हणून. 22 सप्टेंबरला गेली ती. तुमच्या वृक्षात तिला जागाच नाही.

शेतबांध: ठीक आहे, वरती विल्यम टाऊन आणि जोआनाच्या चौकटी वाढवतो, तिघी बहिणी शेजारीशेजारी. तरी कारण शेतच होतं, यावरून मी हलणार नाही.

जुनीवही: नका हलू. फक्त सारापुढे ब्रिजेसही टाका, तो तिचा पहिला नवरा.