‘परांचे पाय झाले’: माशाच्या त्या अवयवाला नेमकं काय म्हणायचं?

बोरू
पृष्ठवंशी प्राण्यांच्या उत्क्रांतीवरचा मुलांसाठीचा मजकूर मराठीत आणते आहे. टिक्टालिक या प्राचीन माशाच्या जीवाश्माबद्दलच्या एका वाक्याशी दोन दिवस अडले आहे. मी लिहिलं होतं, ‘हळूहळू परांचे पाय झाले.’ पर म्हणजे मासा ज्यांनी पोहतो ते अवयव. अकरा वर्षांच्या भाचीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, ‘पिसांचे पाय कसे होतील?’ तिच्या डोक्यात परांची गादी होती. तिचं चुकलं असंही म्हणवेना, कारण तीनच पानांनंतर आर्किऑप्टेरिक्स हा आद्य पक्षी येतो आणि तिथे खरोखरच पिसांचा विषय आहे. ‘पंख’ लिहावं तर पक्ष्याचा पंख हा मुळात पुढचा पायच. म्हणजे आधी पंखांचे पाय आणि मग पायांचे पंख! ‘पक्ष’ तिला कळणार नाही. काय लिहू?

कासवचाल
कल्ले. आमच्याकडे सगळे हेच म्हणतात. माशाच्या दोन्ही बाजूंना हलतात ते कल्ले.

तळटीप
कल्ले म्हणजे मासा ज्यांनी श्वास घेतो ते. ही गल्लत बऱ्याच जणांची होते, पण या मजकुरात ती चालणारच नाही. टिक्टालिकमध्ये दोन्हींची गोष्ट एकत्र आहे. परांच्या आत मनगटासारखा सांधा तयार झालेला, आणि कल्ल्यांवरचं हाडांचं झाकण गेलेलं. माशाचं डोकं खांद्याच्या हाडांना जखडलेलं असतं. इथे ते सुटलं, म्हणून त्याला मान आली. दोन्हींना कल्ले म्हटलं तर मुलाला काय गेलं आणि काय राहिलं हे कसं कळणार? पुढे अ‍ॅकँथोस्टेगा हा सुरुवातीचा चार पायांचा प्राणी येतो, त्याला तर कल्लेही होते आणि पायांना बोटंही. ते वाक्य कसं लिहाल?

कासवचाल
वडिलांनी पोहायला शिकवताना मला ‘कल्ल्यांसारखे हात हलव’ असंच सांगितलं होतं. श्वासाचं त्यात काही नव्हतं, आणि मला एका क्षणात कळलं. इतकी माणसं जो शब्द एका अर्थाने वापरतात, तो त्या अर्थाचाही झालेला असतो. कोश नंतर येतो.

शुद्धपाठ
मग परिभाषा हवीच कशाला? ‘पर’ फारसी आहे, ‘कल्ला’ही तिकडचाच. ‘पक्ष’ आपला शब्द आहे. त्यावरून खांद्याचे ते स्कंधपक्ष, कमरेचे ते श्रोणिपक्ष, मांसल बुंध्याचे ते मांसलपक्ष असे शब्द सरळ घडवता येतात. ‘पर’ला असे प्रत्यय लावून बघा.

पानगळ
‘पर’ला परकं म्हणताना थोडं थांबा. फारसी पर आणि संस्कृत पर्ण ही एकाच घरची भावंडं. संस्कृतात पर्ण म्हणजे पान, तसंच पंख आणि पीसही. गरुडाला सुपर्ण म्हणतात ते त्याला चांगली पानं आहेत म्हणून नव्हे. आणि पक्ष म्हणजे पंधरवडा, निवडणुकीतला पक्ष, वादातली बाजू. मुलाने यातलं काय समजायचं?

शुद्धपाठ
‘बाजू’ हाच तर मुद्दा आहे. माशाच्या पाठीवर, शेपटीला आणि खालीही पर असतात, पण ज्यांचे पाय झाले ते फक्त दोन्ही बाजूंचे, जोडीचे. खांद्याजवळची एक जोडी आणि कमरेजवळची एक. पाठीवरच्या पराचा पाय कधी झाला नाही. ‘पक्ष’ शब्दात ही जोडी आपोआप येते.

पानगळ
हे मात्र चांगलं सांगितलंत. पण मग पाठीवरच्याला तुम्ही पक्ष कसं म्हणाल?

अश्मगंध
शब्द पर घ्या नाहीतर पक्ष, माझी तक्रार ‘झाले’बद्दल आहे. ‘परांचे पाय झाले’ म्हटलं की डोळ्यांपुढे अख्खा पर वितळून पाय झाल्यासारखं चित्र येतं. दगडात दिसतं ते वेगळं आहे. युस्थेनॉप्टेरॉन हा सुमारे ३८.५ कोटी वर्षांपूर्वीचा मासा. त्याच्या पुढच्या परात आधी एक जाड हाड आणि त्याच्यापुढे दोन हाडं आहेत. आपल्या दंडात एक आणि कोपरापुढे दोन, तीच मांडणी. टिक्टालिक सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा, २००४मध्ये उत्तर कॅनडातल्या एल्झमियर बेटावर सापडला. त्याच्या परांना कडेने माशासारख्या काड्या आहेतच, पण आतली हाडं इतकी भक्कम की उथळ पाण्यात तो पुढच्या अंगावर रेटा देऊन उठू शकत असावा. पुढच्या प्राण्यांत त्या काड्या गेल्या आणि बोटं आली. तीही पाच नव्हे! ग्रीनलंडमधल्या अ‍ॅकँथोस्टेगाच्या पुढच्या पायाला आठ बोटं होती, तशाच इक्थिओस्टेगा या प्राण्याच्या मागच्या पायाला सात. पाचावर गाडी नंतर स्थिरावली.

म्हणून मी लिहीन, ‘परांच्या आतल्या हाडांपासून पाय घडत गेले.’ आत हाडं आहेत म्हटल्यावर तुमच्या भाचीला पिसं आठवणार नाहीत. आणि हो, टिक्टालिकला थेट पूर्वज म्हणू नका. पोलंडमध्ये चार पायांच्या प्राण्याच्या पावलांचे ठसे सापडले, ते २०१०मध्ये प्रसिद्ध झाले. ते टिक्टालिकपेक्षाही जुने आहेत.

बोरू
हे वाक्य मला आवडलं. पण शीर्षकात काय करू? तिथे चारच शब्द बसतात.

मोडीवाला
कल्ल्यावरून एक गोष्ट कालपासून डोक्यात घोळते आहे. माशाचे कल्ले, माणसाच्या गालांवरचे कल्ले, आणि हिंदीत कल्ला म्हणजे जबडा. पृष्ठवंशीयांचा जबडा कल्ल्यांना आधार देणाऱ्या कमानींपासून झाला असं आम्ही शिकलो. म्हणजे भाषेने एकाच शब्दात जे धरून ठेवलं, तेच उत्क्रांतीत घडलं! मला हे विलक्षण वाटतं.

तळटीप
विलक्षण आहे, पण योगायोग आहे. डोक्याच्या बाजूला जे असेल त्याला एकच शब्द लागला, इतकंच. शिवाय कल्ल्याच्या पुढच्या कमानीचा जबडा झाला ही मांडणी एकोणिसाव्या शतकातली, भ्रूणांच्या अभ्यासातून आलेली. त्याची पायरी न् पायरी दाखवणारे जीवाश्म हाती नाहीत.

अश्मगंध
जबड्याचंच नवल करायचं तर कानाचं करा. सरीसृपांत जबड्याच्या सांध्यात जी हाडं असतात, ती सस्तन प्राण्यांत मधल्या कानात गेली. हातोडी आणि ऐरण म्हणतो ती. इथे मात्र पायऱ्या दगडात सापडतात. मॉर्गॅन्युकोडॉन या सस्तनांच्या सुरुवातीच्या नातलगाला जबड्याचे जुने आणि नवे असे दोन्ही सांधे एकाच वेळी होते. अर्धवट अवस्थेत प्राणी चावणार कसा, या शंकेचं उत्तर त्या एका कवटीत आहे.

मोडीवाला
म्हणजे आपण जबड्याच्या हाडांनी ऐकतो. यासाठी मराठीत शब्द नसला तरी चालेल.

शुद्धपाठ
विषय परांचा होता. बोरूताई, मजकुरात देवमासा आहे का? असेल तर त्याच्या पुढच्या अवयवाला पर म्हणू नका. तो सस्तन आहे, त्याच्या त्या वल्ह्यात हाताची सगळी हाडं आहेत. खरं तर ‘देवमासा’ हा शब्दच सोडायला हवा. मुलांना आयुष्यभर तो मासाच वाटत राहतो.

पानगळ
यावर मला राहवत नाही. बॅसिलोसॉरस हा जुना देवमासा. १८३४मध्ये त्याचं नाव ठेवलं तेव्हा तो सरपटणारा प्राणी वाटला, म्हणून नावाचा अर्थ ‘सरड्यांचा राजा’. पुढे रिचर्ड ओवेन या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने दातांवरून तो सस्तन असल्याचं ओळखलं आणि झ्युग्लोडॉन हे नाव सुचवलं. तरी आधीचं नाव टिकलं, कारण नियमाने पहिलं नाव राहतं. दीड शतकाहून अधिक काळ सगळे शास्त्रज्ञ एका सस्तन प्राण्याला सरडा म्हणतात आणि कोणाचा गोंधळ होत नाही. त्याला इवलेसे मागचे पाय होते हेही सगळ्यांना ठाऊक आहे. मग आपण देवमाशाला मासा म्हटलं तर काय बिघडलं?

शुद्धपाठ
शास्त्रज्ञांचा गोंधळ होत नाही. अकरा वर्षांच्या मुलीचा होतो. या धाग्याची सुरुवातच तिथून झाली ना?

कासवचाल
तिचा गोंधळ ‘पर’मुळे झाला. कल्ले म्हटलं असतं तर झाला नसता.

तळटीप
झाला असता, दोन पानं पुढे.

बोरू
मजकूर आज पाठवला. आतल्या वाक्यांत ‘पर’ ठेवला आहे, पहिल्याच वेळी हाडांसकट समजावून. शीर्षक दिलं, ‘मासा पायांवर उठतो’. अजून समाधान नाही, कारण टिक्टालिकला पाय नव्हतेच. दुसरी अडचण पुढच्या प्रकरणात आहे. आपण, बेडूक, पक्षी, साप या सगळ्यांच्या गटाला ‘चतुष्पाद’ म्हणावं लागतंय. भाचीने लगेच विचारलं, सापाला कुठे चार पाय आहेत?

अश्मगंध
त्याच्या पूर्वजांना होते. अर्जेंटिनात नजाश नावाचा सापाचा जीवाश्म मिळाला आहे, त्याला मागचे दोन पाय आहेत. तिला तो दाखवा. शब्दाचं मात्र मलाही सुचत नाही.

पानगळ
‘चौपाये’?

शुद्धपाठ
चौपाये म्हणजे गुरं.