सामाजिक हक्क आणि कंपन्यांची जबाबदारी: वर्गात कसं शिकवावं?

नवी_प्राध्यापिका
नमस्कार मंडळी. पुढच्या सत्रात पदवीच्या शेवटच्या वर्षाला हा विषय शिकवायचा आहे. वर्गात वाणिज्य, समाजशास्त्र, कायदा अशी सरमिसळ. अभ्यासक्रमात व्याख्या आणि करारांची यादी आहे. ती पाठ करून मुलं पास होतील, पण एखाद्या कंपनीचा अहवाल हातात पडला तर त्यात काय शोधायचं हे त्यांना कळावं असं मला मनापासून वाटतं. सुरुवात कुठून करू? आणि "कंपनी शाळा बांधते, झाडं लावते, म्हणजे ती जबाबदार" या समजाचं काय करू?

कायदेवाली
यादी बाजूला ठेवा, राणा प्लाझापासून सुरू करा. 23 एप्रिल 2013 ला ढाक्याजवळच्या साभारमधल्या त्या आठ मजली इमारतीला भेगा पडल्या. खालची बँक आणि दुकानं बंद झाली. वरच्या कपड्यांच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर बोलावलं गेलं. त्याच सकाळी इमारत कोसळली, 1,100 हून जास्त माणसं गेली.

इथे थांबा आणि एकच प्रश्न विचारा: भेगा सगळ्यांनीच पाहिल्या होत्या, मग बँकेचे लोक घरी राहू शकले आणि शिलाई कामगार का नाही? मुलं आपोआप पगार कापण्याची भीती, संघटना नसणं, ऑर्डरची तारीख इथवर येतात. मग आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांचा 1966 चा आंतरराष्ट्रीय करार उघडा. कलम 7 मध्ये सुरक्षित काम, कलम 8 मध्ये संघटनेचा हक्क. आता ती कलमं कोरडी वाटत नाहीत.

शाळा आणि झाडांबद्दल: संयुक्त राष्ट्रांची व्यवसाय आणि मानवी हक्कांबाबतची 2011 ची मार्गदर्शक तत्त्वं (एकूण 31) वाचून घ्या. 11 व्या तत्त्वाच्या भाष्यात स्पष्ट म्हटलंय की इतर चांगल्या कामांनी हक्कांच्या उल्लंघनाची भरपाई होत नाही. नफा कुठे खर्च केला याआधी तो कसा कमावला, हे विचारायचं.

खरेदी_विभाग
मी खरेदीच्या बाजूने काम केलंय, म्हणून सांगतो. वर्गात तीन गट करा: खरेदीदार, कारखानदार, कामगार. खरेदीदाराला सांगा, दर कमी करून घे आणि मुदतही आवळ. उशीर झाला तर दंड. कारखानदार आधी "होईल" म्हणतो, आणि मग तो बोजा कुणाच्या अंगावर जातो ते मुलं स्वतः बघतात. हा खेळ घाईत उरकू नका, पुरा तास द्या.

तपासणीच्या प्रमाणपत्रांवरही बोला. कराचीच्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला 2012 च्या आगीच्या काही आठवडे आधीच एसए 8000 (कामगारांना नीट वागवलं जातं, असं सांगणारं) प्रमाणपत्र मिळालं होतं. आगीत 250 हून जास्त लोक गेले. याउलट राणा प्लाझानंतर ब्रँड आणि कामगार संघटनांनी केलेला करार कायद्याने बांधील होता आणि तपासणीचे निष्कर्ष जाहीर व्हायचे. फरक कशाने पडतो, हे मुलांना शोधू द्या.

अर्थशास्त्र_प्रेमी
एक विनंती. वाणिज्यच्या मुलांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका, ती गप्प होतील. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमनची 1970 ची मांडणी प्रामाणिकपणे शिकवा: नियम पाळून नफा वाढवणं हीच कंपनीची जबाबदारी. मग विचारा, नियम ठरवताना कंपन्या स्वतः किती वजन टाकतात? वाद तिथे खरा रंगतो.

नवी_प्राध्यापिका
मनापासून आभार! तीन गटांचा तास नक्की घेणार. आता प्रकल्प सुचवा ना, असा की इंटरनेटवरून उतरवून देता येणार नाही.

कायदेवाली
तक्रारीची वाट तपासायला लावा. फ्रान्सच्या 2017 च्या कायद्यामुळे तिथल्या मोठ्या कंपन्यांना दक्षता योजना, म्हणजे आपल्या आणि पुरवठादारांच्या कामातून माणसांना होणारं नुकसान कसं ओळखणार आणि टाळणार याची योजना, जाहीर करावी लागते. प्रत्येकाला वेगळी कंपनी द्या. पुरवठादाराकडच्या कामगाराने तक्रार करायची ठरवली तर ती कुठे, कोणत्या भाषेत करणार? नाव गुप्त राहील का? ऐकणार कोण, आणि उत्तर किती दिवसांत? संयुक्त राष्ट्रांच्या त्याच मार्गदर्शक तत्त्वांपैकी 31 व्या तत्त्वात चांगल्या तक्रार यंत्रणेचे निकष आहेत, ते समोर ठेवून ताडून पाहायचं. जे योजनेत सापडलं नाही तेही लिहायचं, त्यालाही गुण द्या. लेखी उत्तरानंतर प्रत्येकाला पाच मिनिटं तोंडी विचारा, स्वतः वाचलंय की नाही ते तेवढ्यात कळतं.