कामगार कर्ज काढून आलेत का, हे गुंतवणूकदाराने कसं तपासायचं?

चौकस_वाचक:
माझे थोडे पैसे शेअर्समध्ये आणि फंडात आहेत. परदेशी कामगार घेणाऱ्या कंपन्यांबद्दल वाचतोय, नोकरीसाठी लोक एजंटला पैसे देतात, त्यासाठी व्याजाने कर्ज काढतात आणि मग कबूल केलेला पगार मिळाला नाही तरी काम सोडता येत नाही, वर पासपोर्ट मालकाकडे. असा नफा मला नकोय. शेअर विकून टाकू का?

सावली:
लगेच विकू नका. तुम्ही विकले की दुसरा कोणी घेणार, कामगाराचं कर्ज तसंच. आधी कंपनीला विचारा की भरतीचा खर्च कोणी केला. आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) 2016 च्या तत्त्वांनुसार तो कामगाराकडून घ्यायचाच नाही, आणि त्यात काय काय धरायचं हे त्यांनी 2019 मध्ये ठरवलं, मेडिकल, व्हिसा, प्रवास, ट्रेनिंग सगळं आलं. "आम्ही फी घेत नाही" एवढ्यावर समाधान मानू नका. गावातल्या सब-एजंटने किती घेतले ते विचारा, कारण बराच पैसा तिथे जातो आणि त्याची सहसा पावती नसते.

ताळेबंद:
सहमत. यात गुंतवणूकदाराचं स्वतःचं नुकसानही आहे. जुलै 2020 मध्ये अमेरिकन कस्टम्सने मलेशियाच्या टॉप ग्लव्ह या हातमोजे बनवणाऱ्या कंपनीच्या दोन उपकंपन्यांचा माल सक्तीच्या मजुरीच्या संशयावरून अडवला, कंपनीला कामगारांची भरती फी परत करावी लागली, सुमारे 13.6 कोटी रिंगिट, आणि बंदी उठली 2021 मध्ये. म्हणून विचारताना परतफेडीचंही विचाराच, ज्यांनी आधीच पैसे भरलेत त्यांचं काय, किती जणांना किती दिले, कधीपर्यंत देणार.

चौकस_वाचक:
पण माझं जास्त तर फंडातच आहे, कंपनी मला कशाला उत्तर देईल?

सावली:
मग फंड हाऊसला लिहा. या विषयावर कंपनीशी बोललात का, शेअरहोल्डरांच्या ठरावावर मत कोणत्या बाजूने दिलं, ऑडिटवाले कामगारांशी सुपरवायझर नसताना, त्यांच्याच भाषेत बोलले का. नो द चेन (KnowTheChain) हा उपक्रम कंपन्यांना सक्तीच्या मजुरीच्या मुद्द्यांवर मार्क देतो, तेही बघा. आणि एक गोष्ट कोणी विचारत नाही, सप्लायरला दर वाढवून दिला का? मोठी कंपनी "फी घेऊ नका" सांगते आणि त्याच दमात भाव पाडते, मग तो खर्च फिरून कामगाराच्याच पगारातून कापला जातो. मी तर हाच प्रश्न सगळ्यात वर लिहीन.